सोन्याचे पाणी: पारा, वीज आणि बर्मिंगहॅम

सोन्याचा दागिना महाग असतो तो त्याच्या पोटातल्या सोन्यामुळे. डोळ्यांना दिसते ते मात्र केवळ पृष्ठभागावरचे सोने. सोने गंजत नाही, काळवंडत नाही, आणि इतके मऊ असते की एक ग्रॅम सोने ठोकत नेले तर जवळजवळ एक चौरस मीटरचा वर्ख निघतो. तांब्याच्या किंवा पितळेच्या बांगडीला सोन्याचे रूप द्यायला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, म्हणजे एका मायक्रॉनचा थर पुरतो. बांगडीचा पृष्ठभाग ५० चौरस सेंटिमीटर धरला, तर तेवढ्या थराला १०० मिलिग्रॅमहूनही कमी सोने लागते. हे गणित सोनारांना शतकानुशतके अंदाजाने ठाऊक होते. अडचण होती ती एवढा पातळ थर धातूवर पक्का बसवायचा कसा, ही. तिच्यावर जी उत्तरे निघाली त्यांतले सर्वांत टिकाऊ उत्तर विषारी होते. त्या उत्तराची सद्दी मोडायला सुरुवात झाली ती १८४० साली, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात.

ते जुने उत्तर म्हणजे पाऱ्याचा मुलामा. पाऱ्यात सोने विरघळते आणि लोण्यासारखा मऊ गोळा तयार होतो. तांब्या-पितळेची वस्तू घासून स्वच्छ करायची, तिच्यावर पाऱ्याच्या क्षाराचे पाणी फिरवायचे, मग हा गोळा ब्रशने सर्वत्र सारखा पसरायचा आणि वस्तू कोळशाच्या शेगडीवर धरायची. सोने वितळते १,०६४ अंश सेल्सियसला. पारा मात्र ३५७ अंशांनाच उकळतो. त्यामुळे पारा वाफ होऊन निघून जातो आणि सोने धातूला धरून राहते. शेवटी अकीकाच्या दगडाने घोटून चकाकी आणायची. चीनमध्ये आणि रोमन साम्राज्यात ही कृती माहीत होती, युरोपातल्या मध्ययुगीन कारागिरांनी ती लिहून ठेवली, आणि भारतातही मूर्ती, भांडी, गंगा-जमुनी काम यांवर तीच चालत असे. कारागिरी म्हणून तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. असा मुलामा दोन-दोनशे वर्षे टिकतो. संग्रहालयांतली जुनी सोनेरी घड्याळे आणि समया आजही त्याची साक्ष देतात.

अठराव्या शतकापर्यंत ही कला मुख्यतः राजवाडे आणि देवळे-चर्च यांच्या कामी येत होती. इंग्लंडमध्ये चित्र बदलू लागले. व्यापाराने थोडाफार पैसा हाती आलेला दुकानदार, कारकून आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया यांना सरदारांसारखे दिसायचे होते, पण सरदारांइतका खर्च करणे परवडणारे नव्हते. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचा घड्याळजी क्रिस्टोफर पिंचबेक याने ही गरज आधी ओळखली. त्याने तांबे आणि जस्त यांचा असा मिश्रधातू साधला की तो नेहमीच्या पितळेपेक्षा सोन्याच्या रंगाला अधिक जवळ जाई. घड्याळांची कवचे, बकले, साखळ्या या धातूच्या बनू लागल्या. १७३२ मध्ये पिंचबेक वारला. धातूचे प्रमाण त्याच्या घराण्याने गुपित ठेवले. वाटमाऱ्यांच्या भीतीने प्रवासाला निघताना खरे दागिने घरी ठेवून पिंचबेकचे घालण्याची रीत होती, असे सांगतात. पिंचबेकमध्ये मुळात सोने नव्हतेच, म्हणून तो या कहाणीचा नायक नव्हे. पण स्वस्त दागिना उघडपणे, स्वतःच्या नावाने विकता येतो हे त्याने दाखवून दिले.

हा माल मोठ्या संख्येने घडवायचे काम बर्मिंगहॅमने घेतले. या गावाला तेव्हा शहराची सनद नव्हती, आणि त्यामुळे कारागीर-संघांचे जाचक नियमही नव्हते. कोणीही यावे, एक खोली भाड्याने घ्यावी, ठसे आणि दाबयंत्र मांडावे आणि धंदा सुरू करावा. कोळसा जवळ होता, पुढे कालवेही आले. बटणे, बकले, डब्या, साखळ्या, अत्तराच्या कुप्या अशा बारीकसारीक धातुकामाला तिथे ‘टॉय’ म्हणत, आणि ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने बर्मिंगहॅमला युरोपचे टॉयचे दुकान म्हटले ते याच अर्थाने. मॅथ्यू बोल्टनचा सोहोचा कारखाना १७६० च्या दशकात उभा राहिला. वाफेच्या इंजिनासाठी बोल्टनचे नाव पुढे जगभर झाले, पण त्याची सुरुवात बटणे, बकले आणि मुलाम्याच्या शोभेच्या वस्तूंपासूनची. फॅशनवर जगणाऱ्या या गावाला फॅशनचा फटकाही बसे. बुटांना बकलांऐवजी नाड्या आल्या तेव्हा बकल बनवणाऱ्यांनी थेट युवराजाकडे गाऱ्हाणे नेले. युवराजाने आपल्या पदरच्या लोकांना बकले वापरायला सांगितले. बाकीच्या देशाने नाड्या बांधल्या.

बटणांचे तसे झाले नाही. सोनेरी बटणांना मागणी इतकी होती की किती सोने लावले म्हणजे बटण ‘सोन्याचा मुलामा दिलेले’ म्हणता येईल, हे ठरवायला १७९६ मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला. एक इंच व्यासाच्या १४४ बटणांमागे किमान पाच ग्रेन, म्हणजे सुमारे एक तृतीयांश ग्रॅम सोने, अशी अट घालण्यात आली. बटणांची फक्त दर्शनी बाजू धरली तर हा थर मायक्रॉनच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढा येतो. पाऱ्याच्या जुन्या पद्धतीनेसुद्धा कारागिरांनी सोने किती ताणले होते, हे या आकड्यावरून कळते. आणि कायदा करावा लागला याचा अर्थ त्याहूनही कमी सोन्यात काम भागवणारे पुष्कळ होते.

सोने स्वस्तात पसरत होते त्याची किंमत मुलामा देणाऱ्याचे शरीर चुकती करत होते. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वासही नाही. शेगडीसमोर वर्षानुवर्षे बसणाऱ्या माणसाचे हात थरथरू लागत, तोंडाला सतत लाळ सुटे, हिरड्या सुजत, दात हलत, मग बोलणेही अडखळे. हा रोग गुप्त नव्हता. पॅरिसमधला प्रख्यात ब्राँझकार राव्हरियो १८१४ मध्ये वारला; कारागिरांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय शोधणाऱ्यासाठी त्याने मृत्युपत्रात ३,००० फ्रँक ठेवले होते. एका मालकाने आपल्या धंद्याच्या दोषासाठी मरताना पैसे बाजूला काढावेत ही त्या काळात विरळा गोष्ट. ते बक्षीस रसायनतज्ज्ञ दार्से याला १८१८ मध्ये मिळाले. त्याने धूर जोरात वर ओढून घेणारी भट्टी बसवली होती. वाफ धुराड्यातून बाहेर जाई, पण पारा तोच राहिला, आणि लहान खोलीत काम करणाऱ्याला अशी भट्टी परवडणारीही नव्हती. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक कॅथीड्रलच्या प्रचंड घुमटावर १८४० च्या आसपास पाऱ्याचाच मुलामा चढला. त्या कामात ६० माणसे दगावली, असे सांगितले जाते.

पाऱ्याला पर्याय ठरेल अशी वस्तू तोवर चाळीस वर्षे प्रयोगशाळांत पडून होती. १८०० साली अलेस्सांद्रो व्होल्टाने विजेचा सलग प्रवाह देणारी पहिली बॅटरी जाहीर केली. त्याचा मित्र, पाव्हियाचा रसायनशास्त्रज्ञ लुईजी ब्रुन्यातेल्ली याने १८०५ मध्ये चांदीच्या दोन मोठ्या पदकांना विजेच्या साह्याने सोन्याचा थर दिला आणि ते छापूनही काढले. कोणी फारसे लक्ष दिले नाही. याला दोन कारणे होती. एक म्हणजे व्होल्टाची बॅटरी थोड्याच वेळात मंदावे, आणि प्रवाह कमी-जास्त झाला की थर कुठे जाड, कुठे पातळ, कुठे काळपट पडे. दुसरे कारण अधिक खोलचे होते. सोने सहजासहजी कशात विरघळत नाही. ते विरघळते तीव्र आम्लांच्या मिश्रणात. असले आम्लधर्मी द्रावण पितळेला किंवा तांब्याला खाते, आणि वीज न देतासुद्धा सोन्याची भुकटी त्या धातूवर जमू लागते. ती हाताने पुसली तरी निघते.

पहिली अडचण १८३६ मध्ये सुटली. लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या जॉन डॅनियलने तासन्‌तास सारखा प्रवाह देणारी बॅटरी बनवली. तिचा गवगवा होताच युरोपभर लोक धातूवर धातू चढवू लागले. सेंट पीटर्सबर्गमध्ये याकोबी याने आणि लिव्हरपूलमध्ये टॉमस स्पेन्सर याने तांब्याचा थर देऊन नाणी-पदकांच्या हुबेहूब प्रती काढल्या. जिनीव्हात ऑग्यूस्त द ला रीव्ह याचे लक्ष सोन्याकडे होते, आणि त्यामागे जिनीव्हाचे स्वतःचे कारण होते: घड्याळांच्या त्या शहरात मुलामा देणारे कारागीर पाऱ्याने खंगत होते. त्याने १८४० मध्ये चांदी आणि पितळ यांवर विजेने सोने चढवण्याची कृती जाहीर केली. पण त्याचे द्रावण अजून सोन्याच्या क्लोराइडचेच होते, आणि त्याचे दोष त्यात राहिले.

उत्तर आले ते भौतिकशास्त्रज्ञांकडून नव्हे, बर्मिंगहॅममधल्या जॉन राइट नावाच्या एका शल्यचिकित्सकाकडून. फावल्या वेळात विजेचे प्रयोग करणाऱ्या राइटने स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेले याचे जुने निबंध वाचले. शेलेने अठराव्या शतकातच नोंदवले होते की सोन्या-चांदीची सायनाइडे पोटॅशियम सायनाइडच्या पाण्यात विरघळतात. त्या निरीक्षणाचा मुलाम्याशी काही संबंध असू शकेल असे साठ वर्षांत कोणाच्या मनात आले नव्हते. राइटने ते द्रावण घेतले, बॅटरी जोडली, आणि थर गुळगुळीत, घट्ट, हवा तेवढा जाड मिळू लागला. कारण साधे होते. सायनाइडच्या द्रावणात सोने घट्ट बांधलेले असते. ते आपणहून पितळेवर उडी मारत नाही. वीज जेवढी सोडावी तेवढेच सुटते आणि तेवढेच बसते.

राइट हे घेऊन गेला एल्किंग्टन घराण्याकडे. जॉर्ज रिचर्ड्स एल्किंग्टन आणि त्याचा चुलतभाऊ हेन्री हे याच धंद्यातले. वस्तू गरम द्रावणात नुसती बुडवून सोन्याचा अतिपातळ थर देण्याची एक कृती त्यांनी १८३० च्या दशकातच पेटंट केली होती. तिच्यात पारा नव्हता, पण थर जाड करता येत नसे. अशा बुडवून दिलेल्या मुलाम्याची मर्यादा पुरती कळलेल्या माणसांना राइटच्या शोधाचे मोल सांगावे लागले नाही. त्यांनी त्याचे हक्क विकत घेतले आणि ती कृती २५ मार्च १८४० च्या पेटंटात सामावून घेतली. राइटला त्याचा फार काळ लाभ घेता आला नाही; १८४४ मध्ये तो वारला. इतिहासात नाव राहिले ते एल्किंग्टनचे. शोध लावणाऱ्यापेक्षा पेटंट नोंदवणारा लक्षात राहतो, याचे हे काही पहिले उदाहरण नव्हे.

कारखान्यातली कृती पुढीलप्रमाणे असे. लाकडी किंवा मातीच्या टाकीत पोटॅशियम सायनाइडचे कोमट द्रावण. त्यात एका बाजूला शुद्ध सोन्याचा पत्रा बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला. दुसऱ्या बाजूला तारेला टांगलेले दागिने ऋण टोकाला. वीज सुरू झाली की पत्र्यातले सोने द्रावणात उतरते आणि दागिन्यावर जाऊन बसते. मायकेल फॅरेडेने १८३० च्या दशकात मांडलेल्या नियमांनुसार किती विजेने किती धातू बसेल हे आधीच सांगता येते. सायनाइडच्या द्रावणातून एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर जास्तीत जास्त सुमारे ७.३५ ग्रॅम सोने बसते. पाऱ्याच्या कामात कारागिराच्या हातावर आणि नजरेवर अवलंबून असलेली गोष्ट आता घड्याळावर मोजता येऊ लागली. मालकाच्या दृष्टीने खरी क्रांती इथे होती. सोने किती लावायचे हे मालक ठरवू शकत होता, आणि अर्थातच तो ते कमी करू शकत होता.

सायनाइड यायचे कुठून? त्याचा कच्चा माल, म्हणजे पिवळा प्रशिएट, कत्तलखान्यातले रक्त, शिंगे, खूर आणि कातड्याचे तुकडे पोटॅश व लोखंडाबरोबर भाजून बनवत. घरंदाज दिवाणखान्यात चमकणाऱ्या सोनेरी चमच्यामागे असा उकिरडा होता, हे ग्राहकांना माहीत नव्हते ते बरेच झाले.

एल्किंग्टनांसमोर आता प्रतिस्पर्ध्यांचा प्रश्न होता. सर्वांत रंजक प्रतिस्पर्धी होता प्रशियाच्या तोफखान्यातला तरुण लेफ्टनंट वेर्नर सीमेन्स. एका द्वंद्वयुद्धात साक्षीदार म्हणून उभा राहिल्याबद्दल त्याला माग्देबुर्गच्या किल्ल्यात कैद झाली. त्याने कोठडीत रसायने आणि बॅटरी मागवली आणि जर्मन सिल्व्हर या चांदीसारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूचा चमचा सोनेरी करून दाखवला. एका सराफाने ती कृती विकतही घेतली. तेवढ्यात राजाची माफी आली. प्रयोग अर्धवट राहतील म्हणून आणखी काही दिवस कोठडीत राहू द्यावे असा अर्ज सीमेन्सने केला, तेव्हा त्याला रातोरात किल्ल्याबाहेर काढण्यात आले, असे त्याने आठवणींत लिहिले आहे. १८४२ मध्ये त्याला प्रशियात पेटंट मिळाले. धाकटा भाऊ विल्हेल्म ते घेऊन इंग्लंडला आला आणि १८४३ मध्ये एल्किंग्टनांनी ते सुमारे १,५०० पौंडांना विकत घेऊन टाकले. पुढे १८४७ मध्ये वेर्नरने तारायंत्रांची जी कंपनी काढली ती आजची सीमेन्स. त्या घराण्याची विजेच्या धंद्यातली पहिली मोठी कमाई मुलाम्याची होती.

फ्रान्समध्ये काउंट रुओल्झ याने स्वतंत्रपणे जवळजवळ हाच मार्ग काढला. फ्रेंच विज्ञान अकादमीने १८४२ मध्ये धंदे कमी घातक करणाऱ्या शोधांसाठी ठेवलेल्या निधीतून एल्किंग्टन आणि रुओल्झ यांना प्रत्येकी ६,००० फ्रँक, तर द ला रीव्हला ३,००० फ्रँक दिले. अकादमीच्या दृष्टीने हा शोध दागिने स्वस्त करणारा नव्हता, कारागिरांचे प्राण वाचवणारा होता. पॅरिसचा जवाहिऱ्या शार्ल क्रिस्तोफ्ल याने मात्र त्यातला धंदा पाहिला. त्याने १८४२ मध्येच फ्रान्सपुरते हक्क घेतले आणि मध्यमवर्गाच्या जेवणाच्या टेबलावर चकाकणारी भांडी आणली.

बर्मिंगहॅममध्ये भांडवल लागत होते. लेखणीच्या टाकांवर गब्बर झालेला जोसाया मेसन १८४२ मध्ये भागीदार म्हणून आला आणि न्यूहॉल स्ट्रीटवर मोठे कारखाने उभे राहिले. हाच मेसन पुढे विज्ञान महाविद्यालय काढणार होता, ज्यातून बर्मिंगहॅम विद्यापीठ निघाले. राणी व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स अल्बर्ट १८४३ मध्ये कारखाना पाहायला आला तेव्हा अलेक्झांडर पार्क्स या कर्मचाऱ्याने त्याला चांदीचा मुलामा दिलेले कोळ्याचे जाळे नजर केले. पार्क्सने पुढे जगातला पहिला प्लास्टिकसदृश पदार्थ बनवला. स्वस्त दागिन्यांचा दुसरा मोठा आधार प्लास्टिकच. बॅटऱ्यांचा खर्च आणि कटकट टाळायला जॉन वुलरिच याचे चुंबकाच्या साह्याने वीज काढणारे यंत्र १८४४ मध्ये एल्किंग्टनांकडे चालू झाले. वीजनिर्मितीचे यंत्र उद्योगासाठी वापरल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते, आणि ते यंत्र बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. शहरांत विजेचे दिवे लागायला अजून जवळजवळ चार दशके होती.

एल्किंग्टनांचे नाव मुख्यतः चांदीचा मुलामा दिलेल्या भांड्यांमुळे झाले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांचा माल डौलाने मांडलेला होता. स्वस्त दागिन्यांत ही कृती उतरवली ती परवाने घेऊन आणि नंतर परवान्याविना काम करणाऱ्या शेकडो लहान कारागिरांनी. पेटंटची १४ वर्षांची मुदत १८५४ मध्ये संपत होती. त्याच सुमारास कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातल्या खाणींचे सोने बाजारात येऊ लागले होते. पितळेच्या तारेची साखळी यंत्रावर ओवायची, पत्र्यावर ठसा मारून लॉकेट काढायचे, आणि शेवटी काही मिनिटे सोन्याच्या टाकीत बुडवायचे. ठसे मारणे, घोटणे, साखळ्या जोडणे या कामांवर स्त्रिया आणि मुली होत्या, आणि त्यांची मजुरी पुरुषांपेक्षा बरीच कमी होती. मालाच्या स्वस्ताईत सोन्याच्या पातळपणाइतकाच या मजुरीचाही वाटा होता. मुलाम्याच्या इतिहासात हे क्वचितच सांगितले जाते. खिशातल्या घड्याळाची सोनेरी साखळी जाकिटावर मिरवणारा कारकून हे व्हिक्टोरियन इंग्लंडचे नेहमीचे चित्र झाले ते याच काळात.

विजेच्या मुलाम्याला प्रतिस्पर्धी होता तो रोल्ड गोल्डचा. टॉमस बोल्सोव्हरने शेफील्डमध्ये १७४० च्या दशकात तांब्यावर चांदीचा पत्रा उष्णतेने जोडून दोन्ही एकत्र लाटायची युक्ती काढली होती. तीच सोन्याला लावून पितळेवर सोन्याचा पत्रा जोडला की दोन्ही रुळांखाली एकत्र पातळ होत जातात. हा थर विजेच्या थराहून कितीतरी जाड असतो आणि वर्षानुवर्षे झिजत नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात नेहेमाया डॉज या सोनाराने १७९४ पासून याच वाटेने स्वस्त दागिने सुरू केले, आणि एकोणिसाव्या शतकात ते शहर अमेरिकेतल्या स्वस्त दागिन्यांचे मोठे केंद्र बनले. टिकाऊपणात रोल्ड गोल्ड उजवे, किमतीत आणि आकारांच्या मोकळीकीत विजेचा मुलामा उजवा. लाटलेल्या पत्र्याला नक्षीच्या खाचाखोचांत शिरता येत नाही, टाकीतल्या सोन्याला येते. बाजाराने बहुतेक वेळा दुसऱ्याची निवड केली.

फसवणुकीची भीती पहिल्या दिवसापासून होती. मुलाम्याच्या वस्तूंवर कारखानदार अशा चौकटीतल्या खुणा मारत की त्या सरकारी हॉलमार्कसारख्या वाटाव्यात. एल्किंग्टनही त्याला अपवाद नव्हते. सोनारांची तक्रार अशी की खऱ्या सोन्याचे किमान मान फार उंच असल्यामुळे मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाला मुलाम्याशिवाय पर्याय राहत नाही. १८५४ मध्ये ब्रिटिश कायद्याने ९, १२ आणि १५ कॅरटच्या सोन्याला हॉलमार्कची परवानगी दिली. ९ कॅरट म्हणजे ३७.५ टक्के सोने. कायद्याने मुलाम्यावर बंदी घातली नाही. खरे सोने स्वस्त करून त्याच्याशी स्पर्धा लावली. अमेरिकेत पुढे थराच्या जाडीवरून नावे ठरली. तिथे आज ‘गोल्ड इलेक्ट्रोप्लेट’ म्हणायला किमान ०.१७५ मायक्रॉन थर लागतो आणि ‘हेवी’ हा शब्द लावायचा तर २.५ मायक्रॉन. यातला पहिला आकडा १७९६ च्या बटणांच्या पाव मायक्रॉनहूनही खाली आहे.

पाऱ्याचे काय झाले? पेटंट निघाल्याबरोबर तो बाद झाला नाही. मोठ्या घुमटांवर, जुन्या वळणाच्या कारागिरांकडे आणि आशियातल्या अनेक ठिकाणी तो पुढेही बराच काळ चालू राहिला. पण स्वस्त दागिन्यांतून तो गेला, कारण वीज स्वस्त पडत होती. आरोग्याचा विचार त्यात दुय्यमच होता. आणि सायनाइड काही निरुपद्रवी नव्हे. ते पोटात गेले तर माणूस काही मिनिटांत मरतो. आम्लाशी मिसळले तर त्याचा विषारी वायू होतो. फरक एवढाच की पारा कारागिराला वीस वर्षांत हळूहळू संपवत असे, तर सायनाइडचा अपघात टाळता येतो. टाकीतले पाणी नाल्यात सोडले तर त्याची किंमत गावाने चुकवायची, हा प्रश्न मात्र नवा जन्मला आणि लहान कारखान्यांच्या वस्त्यांत तो आजही सुटलेला नाही. थर पातळ होत गेला तसतसा आणखी एक दोष उघडा पडला. खालचे तांबे हळूहळू सोन्यातून वर येते आणि दागिना काळवंडतो. त्यावर उपाय म्हणून मध्ये निकेलचा थर देऊ लागले; सोने झिजले की तेच निकेल कातडीला लागून खाज आणते. युरोपने १९९० च्या दशकात त्यावर मर्यादा घातली.

भारतात विजेचा मुलामा ‘सोन्याचे पाणी’ म्हणून ओळखीचा झाला आणि पैठणीसारख्या वस्त्रांच्या जरीतही उतरला. पूर्वीची जर चांदीच्या तारेवर सोने चढवून बनत असे. आज बहुतेक ठिकाणी तार तांब्याची असते. दागिन्यांच्या बाबतीत मात्र भारतीय ग्राहक इंग्लंडच्या कारकुनासारखा वागला नाही. त्याच्या दृष्टीने सोने ही बचत होती, नुसती शोभा नव्हे. चीनशी युद्ध झाल्यानंतर १० जानेवारी १९६३ पासून केंद्र सरकारने १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंदी घातली, तेव्हा हे स्पष्ट दिसले. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांना वाटले होते की शुद्धता घटली की ओढ घटेल. लोकांनी १४ कॅरट स्वीकारले नाही. सोनारांची रोजीरोटी मात्र गेली आणि चोरटी आयात वाढली. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये उठली, १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि मधू दंडवते अर्थमंत्री असताना जून १९९० मध्ये तो रद्द झाला. सरकारने सांगून जे झाले नाही ते नंतर भावाने केले. सोने आवाक्याबाहेर गेले तशी आंध्रातले मच्छलीपट्टण, गुजरातेतले राजकोट आणि मुंबईतले मालाड इथल्या मुलाम्याच्या दागिन्यांना गिऱ्हाईक वाढत गेले. मराठी घरांत त्यांना सरसकट ‘बेन्टेक्सचे’ म्हणू लागले, मग ‘एक ग्रॅमचे’. खरे सोने लॉकरमध्ये आणि लग्नकार्याला एक ग्रॅमची ठुशी, अशी विभागणी झाली. सोन्याची हौस आणि सोन्याची बचत या दोन गोष्टी भारतात वेगळ्या झाल्या त्या अशा, कायद्याविना.

भारतीय मानक ब्युरोची सोन्याची हॉलमार्क योजना २००० मध्ये सुरू झाली आणि १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. तिचा संबंध केवळ सोन्याच्या दागिन्याशी आहे. मुलाम्याच्या दागिन्याला हॉलमार्क नसतो. ‘एक ग्रॅम’ असे लिहिलेल्या दागिन्यावर तेवढे सोने असेलच याची हमी ती योजना देत नाही. असा दागिना घेताना थर किती मायक्रॉनचा आणि खाली कोणता धातू, हे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावे.